तीन चिठ्ठ्यांचा शब्द

"हा शब्द मगदूम सरांनी घरी बसून बनवलाय," खासनीस म्हणाले आणि त्यांनी ती चिठ्ठी औषधांच्या काउंटरवरून माझ्याकडे सरकवली. "तुम्हीच बघा बाई. तुमचा धंदाच आहे हा."

धंदा म्हणजे नोकरी. मी तेव्हा परीक्षा मंडळात कॉपीच्या प्रकरणांवर होते. संशयित उत्तरपत्रिकांचे गठ्ठे माझ्या टेबलावर यायचे आणि कुणी कुणाचं पाहून लिहिलं ते मी शोधून द्यायचे. बरोबर उत्तरांवरून ते कधीच कळत नाही, बरोबर उत्तर कुणालाही येऊ शकतं. कळतं ते चुकीवरून. गणितात बैल दिलेला असताना तिघांच्या पेपरात घोडा आला, तर तो घोडा कुठल्या तरी एकाच वहीतून सुटलेला असतो. ती वही हुडकायची. आठ वर्षं हे केल्यावर माझा स्वभाव पार बिघडला होता. भाजीवाली दोनदा 'ताजी आहे' म्हणाली की मी जुडी उलटी करून बघायचे. नवरा म्हणायचा, तुझ्याशी खरं बोलतानासुद्धा मला घाम फुटतो.

चिठ्ठीवर सरांच्या बारीक, उभ्या अक्षरात एकच शब्द होता. सुकेररेदोनो.

हे १९८७ सालचं. कोल्हापुरात आमचं एस्पेरांतोचं छोटं मंडळ होतं. एस्पेरांतो ही बरोबर शंभर वर्षांपूर्वी मुद्दाम घडवलेली भाषा, कुठल्याही एका देशाची नाही. दोन शब्द जोडून तिसरा करायची तिच्यात भरपूर मुभा. सुकेरो म्हणजे साखर, रेदोनो म्हणजे परत देणं. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, चिमूटभर का होईना, त्यात साखर घालून देतो. त्या चिमटीसाठी हा शब्द होता.

आम्ही आठ-दहा जण दर रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात जमायचो. परदेशातून कुणाला पत्र आलं की ते उभं राहून सगळ्यांसमोर वाचायचं, असा आमचा शिरस्ता. पत्र एकाला आलेलं असलं तरी ते सगळ्यांचं, असं मगदूम सर म्हणायचे.

मंडळ त्यांनीच काढलेलं. नेमगोंडा मगदूम, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. एकोणीस वर्षं ते एकटे एस्पेरांतो-मराठी कोश करत होते. अकरा हजारांवर शब्द, एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या सुतळीने बांधून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलेल्या. कोशात शब्द घ्यायचा तर त्यांचा नियम कडक होता. तो तीन माणसांच्या लिहिण्यात सापडला पाहिजे, तिघांच्या मातृभाषा वेगवेगळ्या हव्यात आणि त्यांत मराठी असता कामा नये. "आपणच म्हणायचं आणि आपणच वाहवा करायची, हे चालायचं नाही," असं ते बजावायचे.

शताब्दीच्या निमित्ताने युरोपातली एक संस्था हा कोश छापायला तयार झाली होती. अट एवढीच, की मंडळाच्या एका सदस्याने सगळ्या नोंदी तपासून लिहून द्यायचं, यात एकही संशयास्पद शब्द नाही. शताब्दीचं वर्ष संपलं की ती योजनाही संपणार होती. आणि सरांना काचबिंदू होता. डावा डोळा गेलाच होता, उजव्याला डॉक्टरांनी फार तर वर्ष दिलं होतं. छापलेला कोश त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. यंदा नाही, तर कधीच नाही.

तपासणीसाठी माझं नाव सरांनीच सुचवलं. "वसुंधराला द्या. तिच्या हातून कोण सुटलंय आजवर?"

आणि आता मंडळाचे चिटणीस खासनीस मला त्यांच्या औषधाच्या दुकानात बोलावून हे सांगत होते. अध्यक्षपदावरून त्यांचं आणि सरांचं जुनं वाजलेलं होतं, ते मी विसरले नव्हते. पहिला संशय मला खासनिसांचाच आला.

"कशावरून म्हणता?"

"वास येतोय. चिठ्ठ्या वाचा."

शब्दाच्या चिठ्ठीमागे त्याच्या वापराच्या तीन चिठ्ठ्या टाचलेल्या होत्या. घरी येऊन वाचल्या. पहिली १९७९ची. बल्गेरियातल्या प्लोवदिव गावची नेवेना लिहिते, 'शेजारणीच्या वाडग्यात सुकेररेदोनो म्हणून मी अक्रोड घातले.' दुसरी १९८३ची, ओसाकाचे निवृत्त स्टेशनमास्तर मोरिता यांची. 'डबा परत करताना आम्ही काडेपेटी ठेवतो, तेवढंच सुकेररेदोनो.' तिसरी १९८५ची, ब्राझीलमधली आमेलिया, दातांची डॉक्टर. तिने लिंबं घातली होती.

मी चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या आणि माझे कान टवकारले. अक्रोड, काडेपेटी, लिंबं. तिघांपैकी एकानेही साखर घातली नव्हती. मग शब्दात साखर आली कुठून? बैलाच्या गणितात घोडा! हा शब्द अशा घरातून निघाला होता, जिथे भांड्यात खरोखर साखर घालतात. म्हणजे आपल्याकडच्या. आणि या तिघांना पत्रं लिहिणारा आपल्याकडचा माणूस एकच होता.

खासनिसांचा अंदाज खरा निघतोय, याचा मला मनापासून राग आला. पण हुडकण्याची गोडी रागापेक्षा मोठी होती, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांच्या घरी गेले. सर खिडकीशी भिंग घेऊन बसले होते. त्यांच्या पत्नी राजमतीअक्का सोप्यात जोंधळे निवडत होत्या.

"सर, मला काही मूळ पत्रं बघायची आहेत."

"बघ की. कुठल्या शब्दाची?"

मी मुद्दाम आधी चार दुसरे शब्द सांगितले. त्यांनी हाताच्या अंदाजानेच डबे काढले, पत्रं माझ्यापुढे ठेवली. चारही चोख होती. मग सहज सांगितल्यासारखं दाखवत मी म्हणाले, "आणि सुकेररेदोनो."

सरांचा हात थांबला. त्यांनी एक डबा जवळ ओढला, आतलं पुडकं सोडलं, त्यातून एक पिवळा पडलेला, घडी घातलेला कागद काढला आणि शर्टाच्या खिशात घातला. मग पुडकं परत बांधून टाकलं.

"ह्याची पत्रं आत्ता मागू नकोस," ते म्हणाले. "छापून येऊ दे, मग दाखवतो."

"पण सही मला आधी करायची आहे."

"तिन्ही चिठ्ठ्या खऱ्या आहेत, वसू. माझ्यावर विश्वास ठेव."

माझ्याकडे येणारी सगळी मुलं हेच म्हणायची. विश्वास ठेवा बाई. मी त्या खिशाकडे बघत राहिले.

निघताना अक्का दारापर्यंत आल्या. "त्या एका शब्दाचं काय कौतुक लावलंय कुणास ठाऊक," त्या हळूच म्हणाल्या. "परवा तो पिवळा कागद हातात धरून आपल्याशीच हसायलेत. म्हटलं, काय झालं? तर म्हणतात, तुला न्हाई सांगायचं."

घरी पोचेपर्यंत माझ्या मनात निकाल लागला होता. सरांनी हा शब्द स्वतः घडवला, पत्रांतून परदेशी मित्रांच्या गळी उतरवला, त्यांच्याकडून वाक्यं लिहून घेतली आणि नियमातून पळवाट काढली. एक शब्द असा, तर बाकीच्या अकरा हजारांचं काय? ज्या माणसाने मला शिकवलं त्याच्याबद्दल मी हा विचार करत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. उलट आपण हुशार आहोत असंच वाटत होतं.

त्याच आठवड्यात मी तिघांना पत्रं लिहिली. वरती 'खासगी' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मजकूर मोजका ठेवला. हा शब्द आपल्याला कुठून मिळाला? तो वापरण्यास श्री. मगदूम यांनी आपल्याला सुचवलं होतं काय? कृपया उत्तर द्यावं. कागद एस्पेरांतो मंडळाचाच छापील होता, त्यावरचा पत्ता मी तसाच राहू दिला. खासनिसांनी तिकिटं लावली आणि पेटीत टाकताना म्हणाले, "सरांना कळायला नको हं."

ओसाका आणि ब्राझीलहून काहीच आलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. दर रविवारी सर विचारायचे, "झाली का तपासणी?" आणि मी म्हणायचे, "थोडं राहिलंय." त्यांना आता समोरच्या माणसाचं तोंडही नीट ओळखू येत नसे. माझ्या आवाजावरून ते माझ्याकडे वळायचे आणि मी उगीचच दुसरीकडे बघायचे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सर वर्गात आले ते लिफाफा हलवत. "प्लोवदिवहून आलंय. मंडळाच्या नावानं, जाडजूड. नेवेनाचं अक्षर दिसतंय, एवढं मोठं मलाबी दिसतं." त्यांनी लिफाफा फोडला आणि पत्र माझ्यापुढे धरलं. "वसू, तू वाच. माझ्या डोळ्यांना आता बारीक जमत नाही."

खासनीस फळ्याकडे बघायला लागले. पत्र नको म्हणायची सोयच नव्हती. मी उभी राहिले आणि एकेक वाक्य मराठी करत वाचायला लागले.

"'प्रिय मित्रहो, तुमच्या सदस्य वसुंधरा हेर्लेकर यांचं पत्र पोचलं. त्यावर खासगी असं लिहिलं होतं. पण आपल्यात पत्रं खासगी कधीपासून झाली? आम्ही ते नेहमीप्रमाणे सभेत वाचलं.'"

पाच वर्षं मी स्वतः या वर्गात उभी राहून लोकांची पत्रं वाचत होते. तिकडेही हाच शिरस्ता असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"थांबलीस का? पुढं वाच," सर म्हणाले.

"'त्या दिवशी छापणाऱ्या संस्थेचे एक गृहस्थ आमच्याकडे पाहुणे होते. श्री. मगदूम यांनी आम्हाला शब्द वापरायला सांगितला का, हा प्रश्न ऐकून आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं. त्या गृहस्थांना मात्र वेगळंच वाटलं. त्यांनी कोशाचं काम थांबवलं आहे. संशयाचा शब्द राहिलेला नाही असं तुमच्याकडून आल्याशिवाय ते पुढे जाणार नाहीत.'"

सर तसेच बसले होते, हात गुडघ्यांवर. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग वाच की. अर्धं पत्र कुणी वाचतंय काय?"

"'तरी प्रश्न विचारला आहे, तर उत्तर देते. मोरिता अठ्ठ्याहत्तर साली आमच्या देशात, वार्ना शहरात, एस्पेरांतोच्या अधिवेशनाला आले तेव्हा माझ्या घरी राहिले होते. हा शब्द त्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर ऐकला. आमेलिया त्यांची पत्रमैत्रीण आहे. आणि मी तो घेतला तुमच्याच गावातून आलेल्या एका पत्रातून, त्र्याहत्तर साली. श्री. मगदूम यांच्या नव्हे, त्यांच्या वर्गातल्या एका मुलीच्या. नाव आता आठवत नाही. पत्र पाच-सहा ओळींचं होतं. आम्ही ते सभागृहाच्या भिंतीवर लावलं होतं, रंगकाम होईपर्यंत ते तिथेच होतं. ती लिहिते, शेजारणीचं पातेलं परत करायचं होतं आणि घरात साखरच नव्हती. म्हणून तिच्या आईने तिला...'"

पुढचं मला वाचता येईना. ते कागदावर होतं, पण मला वाचायची गरजच राहिली नव्हती. आईने मला पलीकडच्या गल्लीत मावशींकडे वाटी घेऊन पिटाळलं होतं. त्यांच्याकडून आणलेली साखर शेजारणीच्या पातेल्यात घालायला. मी चिडून म्हटलं होतं, रिकामंच दे ना, कोण बघतंय? आई म्हणाली होती, भांडं बघतंय.

मी अठरा वर्षांची होते. सरांच्या एस्पेरांतोच्या वर्गात नवीन आलेल्या प्रत्येकाला महिन्याभरात परदेशी एक पत्र लिहावं लागायचं, घरातली एखादी गोष्ट सांगणारं. सगळ्यांची पत्रं सर एकत्र टपालात टाकायचे. मला तेवढ्या साखरेला शब्द सापडेना, म्हणून मी हाताशी असलेले दोन शब्द एकमेकांना चिकटवले आणि कागद देऊन मोकळी झाले. वर्षभरात वडिलांची बदली झाली आणि मी कोल्हापूर सोडलं. आठ वर्षांनी परत आले तेव्हा त्या पत्राची मला आठवणही राहिली नव्हती.

सरांनी शर्टाच्या खिशातून तो पिवळा कागद काढला. "हा तुझा कच्चा खर्डा. ओळखतेस का बघ."

ओळखायला कितीसा वेळ लागणार? अक्षरं ओळखण्याचाच मला पगार मिळत होता. बाकीच्या ओळींवर सरांच्या लाल पेन्सिलीच्या दुरुस्त्या होत्या. त्या शब्दाला मात्र त्यांनी हात लावलेला नव्हता.

"नेवेनाच्या पत्रात तो पहिल्यांदा दिसला तेव्हाच मला कळलं, कुणाचा ते," सर म्हणाले. "म्हटलं, आपली पोरगी मराठी, तिचं वाक्य धरता येत नाही. बाहेरची तीन माणसं पाहिजेत. म्हणून वाट बघत बसलो. पंच्याऐंशीत ब्राझीलचं पत्र आलं तेव्हा अक्काला पुरणपोळी करायला लावली होती."

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तपासायला तूच पाहिजे होतीस. तुझाच शब्द आहे म्हटल्यावर तू सही केली असतीस? म्हटलं, छापून आला की पान उघडून देऊ."

"पण तिघांचं मूळ एकच निघालं सर. मला वाटलं, एकाचं बघून दुसऱ्यानं..."

"बघूनच लिहिलं की. तुमच्या परीक्षा मंडळात त्याला कॉपी म्हणतात. भाषेत त्यालाच शब्द रुळला असं म्हणतात." ते थोडं हसले. "अगं, शब्द दुसरा येणार कुठनं?"

मला रडू आवरेना. एवढ्या माणसांसमोर, शाळकरी मुलीसारखं. मी म्हटलं, "मी आजच संस्थेला लिहिते. सगळं खरं लिहिते. शब्द माझा, चूक माझी."

खासनीसही पुढे झाले, खाली मान घालून. "मीही सही करतो, सर. ही आग मीच लावली."

सरांनी माझ्या दिशेने मान वळवून विचारलं, "वसू, एखाद्या पोरानं स्वतःच्याच पेपराबद्दल लिहून दिलं, की हे माझं मीच लिहिलंय, तर तू ते धरतेस काय?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. "नाही," मी म्हणाले.

"मग ते तरी कशाला धरतील? शब्द तुझा, आणि तपासणारीबी तूच. उलट पाच नवे प्रश्न विचारतील. एक पत्र जायला महिना, उत्तर यायला महिना. डिसेंबर काही लांब नाही." त्यांनी उजवा डोळा चोळला. "शब्द काढून टाक."

"सर, नको."

"एका शब्दापायी बाकीचे सगळे अडकून पडलेत. काढ म्हणतो ना!"

एवढं एकच वाक्य ते चढ्या आवाजात बोलले. मग टाइप केलेल्या प्रतीचा गठ्ठा त्यांनी पिशवीतून काढून बाकावर ठेवला. "मी स्वतः मारली असती रेघ. पण भिंगाशिवाय मला ओळ दिसत नाही, भलत्याच शब्दावर जायची."

मी पान काढलं. त्यांनी लाल पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी एकदा वाच. अर्थासकट."

मी वाचलं. 'सुकेररेदोनो. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जाऊ नये म्हणून त्यात घातलेली थोडी साखर किंवा अन्य वस्तू.' सर मान डोलावत ऐकत होते. मग मी रेघ मारली.

कोश डिसेंबरच्या मध्याला आला. सरांनी तो पाहिला, भिंग घेऊन, एका वेळी एक ओळ, खिडकीत बसून चार दिवस. अक्का सांगत होत्या, जेवायला सुद्धा उठेनात. फेब्रुवारीनंतर त्यांना काही दिसलं नाही. आणखी अकरा वर्षं ते जगले आणि त्या रविवाराबद्दल मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. मी मात्र परीक्षा मंडळाच्या वरच्यांना सांगून कॉपीच्या प्रकरणांवरून बदली मागून घेतली.

पण ते सगळं नंतरचं. त्या रविवारी रेघ मारून झाल्यावर प्रमाणपत्राचा कागद खासनिसांनी माझ्यापुढे ठेवला. सगळ्या नोंदी तपासल्या, संशयाचा एकही शब्द उरलेला नाही. अकरा हजार शब्दांत कुणाच्या घरातून, कुणाच्या तोंडून निघाला हे ज्याच्याबद्दल मी छातीठोकपणे सांगू शकत होते असा शब्द एकच होता. तोच संशयाचा म्हणून मी काढला आणि खाली सही केली.